तेरा महिन्यांचं वर्ष

पानमळ्यात चपला घालून कुणी जात नाही. अर्नाळ्याच्या वाटेवरच्या या गावात बिल्डर आले, पाण्याचे टँकर आले, मनवेलपाड्याहून रिक्षा भरभरून मजूर येऊ लागले, पण पानवेलीच्या मांडवाखाली शिरताना कितीही मोठा माणूस असो, वहाणा बांधावर काढतो. वेलीला विटाळ चालत नाही, असं जुनी माणसं म्हणत. नव्यांना कारण ठाऊक नाही, तरी तेही काढतात. एकदा न काढणाऱ्याला प्रेमलाकडून जे ऐकावं लागे, ते दुसऱ्यांदा ऐकायची कुणाची तयारी नसे.

त्या नऊ मार्चला पोलीस बुटांसकट आत आले.

भांडण बावखलाचं होतं. बावखल म्हणजे वाड्यांच्या मधोमध असलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात भरतं आणि ज्येष्ठापर्यंत आसपासच्या वाड्यांना पुरतं. पलीकडचा तुकडा कुणीतरी विकत घेतला आणि पाडलेल्या इमारतींचं राबिट, म्हणजे विटा-सिमेंटचा चुरा, बावखलाच्या कडेनं टाकायला सुरुवात केली. प्रेमलाचा नवरा शांताराम दोन दिवस डंपरच्या वाटेत उभा राहिला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. त्याला शिवी देता येत असती तर संसारात प्रेमलाची बरीच मेहनत वाचली असती. नुसता उभा राहिला. तिसऱ्या दिवशी, त्याने ड्रायव्हरला दगड मारला अशी तक्रार झाली. दगड कसा मारणार? सकाळपासून तो पानं खुडत होता. हातात टोपली आणि अंगठ्यात देठ तोडायची लोखंडी नखी.

"शांताराम कोण?" हवालदाराने विचारलं.

"मी. पन साहेब, बूट भायेर काढा."

एवढंच बोलला तो. त्याला दंडाला धरून ओढत नेलं तेव्हा दोन वेली मुळासकट उपटल्या. तो अनवाणीच गेला, अंगठ्यातल्या नखीसकट.

संध्याकाळी त्याला थोरल्या भावाने, भालचंद्रने, रिक्षातून घरी आणलं. भालचंद्र विधुर. घर एकच, चुली दोन होत्या. त्याची चूल बायकोबरोबर विझली आणि तेव्हापासून दोन्ही वेळचं ताट प्रेमलाच त्याच्या खोलीत नेऊन ठेवायची. त्याने शांतारामला खांद्याचा आधार देऊन ओटीवर टेकवलं आणि तसाच आपल्या खोलीत गेला.

प्रेमलाने नवऱ्याचे पाय पाहिले. जन्मभर मातीत अनवाणी वावरलेले ते तळवे, दगडासारखे घट्ट. ते निळेकाळे होऊन फुगले होते. तिने ऊन पाणी आणलं, हळद आणली. पाण्यात पाय घातल्यावर त्याने तोंडात उपरणं कोंबलं.

"कोनी मारलं?"

"नाव विचारायचे आनि मारायचे. मी नाव सांगायचो. परत विचारायचे."

"आनि?"

"नखी राह्यली तिकडंच," तो म्हणाला. "मागितली तर हसले."

तीन दिवस तो आडवाच होता. लघवीला रक्त पडलं, ते त्याने भावाला सांगू दिलं नाही. रविवारी रंगपंचमी होती. सकाळी उठून बसायला गेला आणि प्रेमलाच्या अंगावर कलंडला. डॉक्टर आले, त्यांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. भालचंद्र म्हणाला, उन्हाच्या आधी उरकूया. गाव जमलं. रीतीप्रमाणे एकेकाने वाकून पायांना हात लावला, आणि हात लावताना प्रत्येकाने ते तळवे पाहिले. कुणी एक शब्द काढला नाही. प्रेमलाला त्या दिवशी नवरा गेल्याइतकंच हेही लागलं.

तेराव्यानंतर प्रिस्का टीचर आल्या. पलीकडच्या आळीतल्या, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी बावखलाच्या काठावर प्रेमलाला गाठलं.

"प्रेमला, पोलिसांची तक्रार पोलिसांकडे करून उपयोग नाय. मुंबईला मानवी हक्क आयोग आहे. तिकडे अर्ज कर. मी लिहून देते. पण एका वर्षाच्या मुदतीत करावा लागतो, नंतर घेत नाहीत."

"काय करतील ते?"

"चौकशी लावतील. पोलिसांना विचारतील. निदान लिहिलं तरी जाईल."

हे शेवटचं प्रेमलाच्या मनात बसलं. तिला कुणाला फाशी द्यायची नव्हती. डॉक्टरच्या कागदावर हृदय होतं. पोलीस ठाण्याच्या कागदावर 'समज देऊन सोडले' होतं. तळवे कुठल्याच कागदावर नव्हते. आपल्या नवऱ्याला मारलं, एवढं कुठंतरी लिहिलं जावं आणि कुणीतरी ते वाचावं, एवढंच तिला हवं होतं.

तिने ताट नेताना भालचंद्रला सांगितलं. त्याने घास हातातच ठेवला.

"वर्षाच्या आत नाय," तो म्हणाला. "आपल्यात वर्ष होईस्तवर दावा लावत नाय. मानूस वाटेत असतो. कचेरीत त्याच्या नावाचा पुकारा झाला तर तो मागं वळतो. आज्याच्या वेळी काय झालं, ठाव हाय ना?"

ठाऊक होतं. आजेसासरे गेले तेव्हा धाकट्या चुलत्याने सहाव्या महिन्यात जमिनीचा दावा लावला, कोर्टाच्या शिपायाने मेलेल्याचं नाव तीनदा पुकारलं, आणि त्याच आठवड्यात म्हातारा विहिरीच्या रहाटावर बसलेला तिघांना दिसला. या घरात ही गोष्ट मुलांना बाराखडीच्या आधी शिकवतात. प्रेमला नववी शिकलेली होती, पण तिचाही यावर विश्वास होता. निळ्या तळव्यांनी तो किती हळू चालत असेल, असं तिला वाटे. त्याला हाक मारून मागं वळवायचं कसं?

"मंग?"

"वर्षश्राद्ध झालं की लगोलग. तोवर टीचरांची मुदतबी संपत नाय. एक दिवस वाया घालवायचा नाय."

तिने मान डोलावली.

टीचर जूनमध्ये लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला गेल्या. जाताना म्हणाल्या, "विसरू नकोस." प्रेमला म्हणाली, "विसरते कशी?"

त्या वर्षी घरात गोड झालं नाही. नवा मांडव घातला नाही, वेल लावली नाही. अर्धं बावखल राबिटाने भरलं होतं. उरलेल्या पाण्यावर सिमेंटची साय धरायची. ती बाजूला सारून प्रेमला कळशा भरायची, कारण पंपात ती साय अडकायची. एका बाजूच्या वेली पिवळ्या पडल्या. शांताराम असताना दोघं समोरासमोरच्या ओळीत खुडत असत. तो काही बोलत नसे, पण नखीचा चुटूक चुटूक आवाज यायचा. आता एकाच नखीचा आवाज. ती मधेच थांबायची, आणि थांबल्यावर तोही आवाज बंद व्हायचा. कामाला बाई ठेव, असं लेक फोनवर म्हणायची. लेक उन्नती बोळिंजला फ्लॅटमध्ये राहायची, नवरा मुंबईला नोकरीला. जावयाचं म्हणणं, पोलिसांच्या नादाला लागू नका. म्हणून उन्नती आईशी बोलताना तो विषय टाळायची, आणि तो टाळला की दोघींना बोलायला फारसं उरत नसे.

आषाढ संपता संपता भटजी पंचांग घेऊन आले.

"यंदा अधिक श्रावण आहे. तेव्हा मासिक श्राद्धं तेरा. वर्ष तेरा महिन्यांचं धरायचं."

"म्हंजे एक महिना लांबलं?" प्रेमलाने विचारलं.

"लांबलं कसं? तिथीला तिथी आली पाहिजे ना. रंगपंचमीला गेले, रंगपंचमीलाच वर्ष भरणार."

आणखी एक महिना. तिने तो गिळला. माणसं अधिकात जावयाला तीस-तीन अनारसे देतात; तिने तेराव्या मासिकाचा एक पिंड जास्तीचा दिला. अर्ज ती मनातल्या मनात लिहीत होती. पानं खुडता खुडता एकेक वाक्य पक्कं करायची. 'बूट बाहेर काढा असे माझे मालक म्हणाले.' मग दुसऱ्या दिवशी ते बदलायची. माघापर्यंत तिचा सगळा अर्ज पाठ झाला होता, नखीसुद्धा त्यात होती. कुणाला म्हणून दाखवावा असं वाटे, पण म्हणून दाखवायला घरात भालचंद्र एकटा, आणि तो ताट ठेवलं की पाठ फिरवायचा.

तीस मार्चला रंगपंचमी आली. वर्षश्राद्ध झालं, कावळा पहिल्याच हाकेला आला. भटजी म्हणाले, पोचले हो. प्रेमला ओटीवर बसून पोटभर रडली. मधे एक रविवार गेला, आणि सोमवारी एक एप्रिलला, सकाळची पानं खुडून, ती बोळिंजला लेकीच्या दारात उभी राहिली.

"लिही. जावई यायच्या आत."

उन्नतीने फोनवर आयोगाचा नमुना उघडला, वही घेतली. प्रेमलाने न अडखळता सांगितलं. साडेतीन पानं भरली. तळव्यांपाशी उन्नतीचं पेन थांबलं. तिने बापाला गेल्यावरच पाहिलं होतं, पायांना हात लावणाऱ्यांत तीही होती.

"आई, मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"लिही आता."

शेवटी घटनेची तारीख लिहिताना उन्नती पुन्हा थांबली. फोनवर बोटानं काहीतरी वरखाली केलं.

"आई, नऊ मार्च तर होऊन गेला. तारखेनं वर्ष उलटलं. इथे लिहिलंय, घटनेपासून एका वर्षाच्या आतच."

"परवा तर भरलं वर्ष."

"ते तिथीनं गं! मधे अधिक आला म्हणून. तू मला मार्चच्या आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस का?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला होता.

"पाठव," प्रेमला म्हणाली. "मानसं हायेत तिकडं. समजतील. तेरा महिन्यांचं वर्ष काय मी केलं?"

पोस्टातल्या बाईने रजिस्टर पाकिटावर शिक्का मारला. तो थाड् असा आवाज प्रेमलाला फार आवडला. परतताना ती रिक्षात न बसता चालत आली.

एप्रिल गेला, मे गेला. पोस्टमन दिसला की ती बांधावर यायची. तो लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा, पुढे पुढे तर तो तिला चुकवून मागच्या वाटेने जाऊ लागला. पाऊस लागला. बावखल भरलं, पण अर्धं राबिटाने बुजलेलं असल्यामुळे पाणी काठावरून वाडीत शिरलं आणि चार ओळींच्या मुळ्या कुजल्या. आषाढात पत्र आलं. इंग्रजीत होतं, एकच पान. उन्नतीने फोनवर फोटो मागवला आणि वाचून सांगितलं. घटना नऊ मार्चची, अर्ज एक एप्रिलचा. मुदतीपेक्षा तेवीस दिवस उशीर. कायद्याने आयोगाला यात लक्ष घालता येत नाही. सबब, अर्ज निकाली.

"निकाली म्हंजे?"

"संपला, आई."

उन्नतीने ओळखीच्या एका वकिलालाही विचारलं होतं. कोर्टाचा दरवाजा अजून बंद नाही, पण शवविच्छेदन नाही, जखमांचा दाखला नाही, साक्षीदार बोलणार नाहीत. कशाच्या जोरावर उभं राहायचं, असं तो म्हणाला होता. हे तिने आईला जमेल तितकं हळू सांगितलं.

पत्रावर खाली फोन नंबर होता. दुसऱ्या दिवशी प्रेमलाने मांडवाखाली उभं राहून तो लावला. चार वेळा कुणी उचलला नाही. पाचव्यांदा एका माणसाने उचलला, पत्रावरचा क्रमांक विचारला. आवाज वयस्कर होता, वाईट नव्हता.

"बाई, हा मुदतीबाहेरचा आहे. आमच्या अधिकारात बसत नाही."

"पन साहेब, आमच्यात वर्षाच्या आत करत नाय. यंदा अधिक आला व्हता."

"असेल. कायद्यात अधिक नसतो, बाई. नऊ मार्च म्हणजे नऊ मार्च."

"बरं. पन आतलं वाचलंत ना तुमी? तळव्यांचं? नखीचं?"



"खरं सांगू? मुदत गेलेली असली की आतलं वाचायची पाळीच येत नाही. पहिल्या पानावर तारीख असते, तिथंच अर्ज थांबतो."

"एवढं तरी वाचा. निकाल नको."

"फाईल बंद झाली, बाई. मला माफ करा."

तिने फोन ठेवला. टोपली भरली, पानं ओल्या फडक्यात बांधली, व्यापाऱ्याच्या टेम्पोत दिली. घरी आल्यावर ती भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिली. प्रत्येक चौकोनात तारखेचा मोठा लाल-काळा आकडा आणि खाली बारीक अक्षरात तिथी. चाळीस वर्षं या घरात सगळ्यांनी ती बारीक अक्षरंच वाचली होती. सण, उपास, लावणी, मरण, सगळं त्या बारीक अक्षरांवर. मोठा आकडा टेम्पोवाल्याच्या आणि लाइटबिलाच्या कामाचा. तिला स्वतःचा इतका राग आला की तिने कपाळ भिंतीवर टेकलं आणि तशीच उभी राहिली.

संध्याकाळी तिने भालचंद्रचं ताट नेलं. ताटाशेजारी पत्र ठेवलं.

"तेवीस दिवस, भाऊजी."

त्याला इंग्रजी येत नव्हतं, तरी तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "प्रेमला, मी तुला वर्षाचं बोललो, ते खोटं नव्हतं. आज्याचं सगळं खरं हाय."

"मी कुठं म्हनते खोटं?"

"पन तेवढंच नव्हतं." त्याने ताट थोडं पुढे सरकवलं. "त्याला आनायला गेलो ना, तेवा सही घेतली माझी. अंगावर मारझोडीच्या खुना नाहीत, सुखरूप ताब्यात मिळाला, काय तक्रार नाय. तो समोर बाकाखाली पाय लपवून बसलेला. साहेब म्हनाला, सही कर नाय तर आज तू पन बस. मी केली." "अर्ज गेला असता तर पयला माझा कागद भायेर आला असता. वर्ष होऊ दे म्हनलो. बरं वाटलं मला, तेरा महिन्यांचं आलं तेवा."

प्रेमला उभीच होती. तिला वाटलं होतं, असं काही कानावर आलं तर आपण ताट उचलून नेऊ. तिने नेलं नाही.

"जेवा," ती म्हणाली. "थंड होतंय."

त्या रात्री ती जेवली नाही आणि कुणाला ते कळलंही नाही.

देवघराच्या खोलीत एक सागवानी कपाट आहे. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला घरातल्या गेलेल्या माणसांची यादी: नाव आणि तिथी, सात पिढ्यांची, वेगवेगळ्या हातांनी, आधी शाईने आणि पुढे बॉलपेनाने. पितृपक्षात थोरल्याने ती वाचायची आणि भटजींनी एकेकाच्या नावाने पाणी सोडायचं. शेवटची ओळ भालचंद्रच्या अक्षरात होती: 'शांताराम. फाल्गुन वद्य पंचमी.' गेल्या पितृपक्षात वर्ष व्हायचं होतं म्हणून ती वाचली नव्हती. यंदा तो पहिल्यांदा पितरांत बसणार होता.

भाद्रपदातली ती पंचमी रविवारी आली. उन्नती आदल्या दिवशीच आली होती, भाज्या चिरत होती. जावईही आला आणि ओटीवर बसून राहिला. भटजींनी दर्भ मांडले. भालचंद्रने कपाट उघडलं, चष्मा लावला आणि सगळ्यात वरच्या पिढीपासून वाचायला सुरुवात केली. नाव, तिथी, पाणी. नाव, तिथी, पाणी. आजा आला, बाप आला, आई आली, त्याची स्वतःची बायको आली. प्रेमला दाराच्या उंबऱ्याशी, पानाची टोपली मांडीवर घेऊन बसली होती.

"शांताराम," भालचंद्र म्हणाला. "फाल्गुन वद्य पंचमी."

भटजींनी पळी उचलली. भालचंद्र मात्र कपाटाच्या दाराकडे बघत राहिला. त्याच्या अक्षराखाली आणखी काहीतरी लिहिलं होतं. नववी शिकलेल्या बाईचं सरळ, मोठं अक्षर, बॉलपेनाने नुकतंच लिहिलेलं.

"झालं का, भालचंद्रराव?" भटजींनी विचारलं.

त्याने प्रेमलाकडे पाहिलं. ती पानांचे देठ खुडत होती. तिने वर पाहिलं नाही, वाचा म्हणाली नाही, नको वाचू म्हणाली नाही. भालचंद्रने चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा लावला.

"नऊ मार्च," तो वाचू लागला. "पोलिसांनी... पानमळ्यातून अनवानी नेला. तळव्यांवर मारलं." तो थांबला. स्वयंपाकघरातली विळी थांबली. ओटीवरचा जावई उभा राहिला. "तीन दिवसांनी गेला. नखी परत दिली नाय."

भटजी पळी हातात तशीच धरून होते. थेंब थेंब पाणी ताम्हणात पडत होतं.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "हे संकल्पात बसत नाही हो. याला मंत्र नाही."

"मंत्र नको," प्रेमला म्हणाली. "ऐकलंत ना तुमी?"

"ऐकलं."

तिने हातातलं शेवटचं पान टोपलीत ठेवलं.

"मंग सोडा पानी."